पोचा पडलेलं मशीन

टेम्पोचं फळकं धाडकन खाली आलं आणि चौघांनी मिळून खोकं उचललं. सून पुढे उलटी चालत होती, दोन्ही हात पसरून, जणू खोकं निसटलंच तर ती एकटी झेलणार होती.

"जपून! पुढे काच आहे!"

"काच राहू दे, आधी तू दारातून बाजूला हो," नवरा धापा टाकत म्हणाला.

सून वस्तीपलीकडच्या कारखान्यात कपडे धुण्याची मशीनं जोडायची. बहुतेक मशीनं बोटीत बसून परदेशी जात, उरलेली शहरातल्या बड्या दुकानांत. या एकाला मात्र पाठीत पोचा पडला होता आणि पोचा पडलेला माल बोटीवर चढत नाही. म्हणून साहेबांनी कामगारांत चिठ्ठ्या टाकल्या, आणि चिठ्ठी निघाली तिची. तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. इतकी वर्षं मशीनं तिच्या हाताखालून गेली, पण पाण्यानं भरून फिरणारं एकही तिनं पाहिलं नव्हतं. चाचणीची शेड वेगळी होती आणि तिथे हिच्यासारख्यांना मज्जाव होता.

मशीन खोलीत आलं, तेव्हा खाट भिंतीला उभी करावी लागली. मग लक्षात आलं की त्याच्या वायरीच्या पिना इथल्या कुठल्याच भोकात जात नाहीत. शेजारच्या वायरमनला बोलावलं. त्यानं त्या पिना उलटसुलट करून बघितल्या.

"साता समुद्रापलीकडचं नाक आहे हे. इथलं लावू," असं म्हणून त्यानं कचकन वायर कापली. सुनेनं डोळेच मिटून घेतले.

पाण्याचा प्रश्न त्याहून मोठा. नळ गल्लीच्या तोंडाशी, सगळ्यांचा मिळून एक. नवऱ्यानं पोटमाळ्यावर पिंप चढवलं आणि त्याच्या बुडाला नळी जोडली. ते भरायला बायका आपण होऊन ओळीनं उभ्या राहिल्या. बादल्या हातोहात सरकू लागल्या, पायऱ्यांवर चिखल झाला, कुणी घसरलं, कुणी हसलं. शेजारीण म्हणाली, "इतक्या पाण्यात तर अख्ख्या गल्लीचं धुणं हातानं झालं असतं गं!" पण तिनंही आपली बादली सोडली नाही.

पिंप भरलं. कपडे आत गेले. काचेचं दार खटकन लागलं आणि सगळे सुनेकडे बघू लागले.

बटणांवर नुसती चित्रं होती. सोबतच्या पुस्तिकेत साऱ्या जगाच्या भाषा होत्या, यांची तेवढी नव्हती.

"अगं, तूच बनवतेस ना?"

"बनवते. चालवत नाही," ती पुटपुटली. कान तापले होते.

तेवढ्यात सासू कामावरून आली. ती टॉवरांमधल्या घरांत धुण्याची कामं करायची. दारातली गर्दी बघून ती आधी घाईनं पुढे झाली. मग आतलं पांढरंशुभ्र मशीन दिसलं आणि ती जागीच थांबली. चप्पल काढून आत आली. वरचा कप्पा ओढून तिनं मधल्या खणात पावडर टाकली, गोल खटका दोन घरं फिरवला आणि एक बटण दाबलं.

मशीन घुमू लागलं. काचेमागे पाणी चढलं, नवऱ्याचा निळा सदरा वर आला, कलंडला, पुन्हा वर आला. गल्लीत एकच गलका उडाला. वायरमननं शिट्टी वाजवली. सून टाळ्या पिटत खाली बसली, नाक काचेला टेकवून.

"आई, तुम्हाला कसं हो येतं?"

"चौथ्या मजल्यावरच्या बाईंकडे हेच आहे. वरच्या दोघींकडेही. आलं की पहिल्या दिवशी मलाच चालवायला लावतात."

"मग रोज तुम्हीच चालवता?"

"छे. एकदा चाललं की मग माझं काय काम?"

तिनं हे हसतच सांगितलं. बाहेरच्या गोंगाटात आणखी कुणाला ऐकूही गेलं नाही. सुनेच्या टाळ्या तेवढ्या थांबल्या. सासू हल्ली दुपारीच घरी यायला लागली होती. वय झालं, घरं कमी केली, असं म्हणायची. आणि सूनही ते खरं धरून चालली होती.

मशीन आता जोरानं फिरत होतं. सासू तिच्या शेजारी टेकली. धुण्यानं पांढरी पडलेली बोटं गुडघ्यावर ठेवून ती काचेकडे बघत राहिली, लहान मुलानं जत्रेतला पाळणा बघावा तशी.

"काय वेगानं पिळतंय बघ! माझे खांदे निखळले असते. यात तुझं काय असतं गं?"

सुनेनं दाराभोवतीच्या राखाडी रबराकडे बोट केलं.

मशीन थांबल्यावर सासूनं दार उघडलं. रबराच्या बाहेरच्या कडेवरून अंगठा फिरवत पूर्ण वळसा घेतला आणि अंगठा उजेडात धरला.

"कोरडा ठणठणीत," ती म्हणाली. "चोख बसवतेस हं."

मग ती दाराकडे वळली.

"चला, कुणाच्या चादरी आहेत आधी?"