सात नंबरचा उपास

मनगटावरची पट्टी दिसली तेव्हा मी रामघाटावर घरी येऊन हात धूत होते. पांढऱ्या चिकटपट्टीवर माझंच अक्षर: "७ – उपास. जेवले नाहीत." बावीस वर्षं नर्सिंग करतेय, पण अशी चूक कधी केली नव्हती.

वॉर्डात कंप्युटर येऊन तीन आठवडे झालेत. आम्ही आधी पट्टीवर टिपतो, मग जमेल तेव्हा त्यात भरतो. जमतंय कुठे? चाळीस पेशंट, कंप्युटर एक, आणि एकेकाचे सव्वीस रकाने. एक रिकामा राहिला तरी मेला पुढे सरकत नाही. म्हणून आम्ही एक बटण हेरून ठेवलंय, "मागचंच भरा". दाबलं की कालचं सगळं आज उमटतं. दोन वाजता निघायच्या घाईत मी तेच दाबलं. सात नंबरचे यज्ञेश्वर गुरुजी काल पोटभर जेवले होते, म्हणून स्क्रीनवर आजही जेवले. जेवले तरच इन्सुलिन द्या, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि आज निर्जला एकादशी, ताट मीच परत पाठवलेलं.

पूर्वी ड्यूटी बदलताना खाटेखाटेशी उभं राहून दुसरीला तोंडी सांगायचो. आता वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर म्हणतात, बोलण्यात वेळ कशाला घालवता, सगळं स्क्रीनवर आहे. आहे ना. मी भरलेलं सगळं आहे.

वॉर्डात फोन लावला, वाजून वाजून बंद पडला. माझ्यानंतर ड्यूटीवर आलेल्या विद्युल्लताचा मोबाइल लॉकरमध्ये, नियमच तसा. ओल्या हातांनीच निघाले. गल्लीत सांड आडवा, त्याच्यामागे दोन मोटारसायकली हॉर्न मारतायत. भिंतीला अंग घासत निघाले. मैदागिनच्या चौकात ऑटो मिळाली, तर पुढच्या वळणावर जाम. म्हाताऱ्याला काही झालं तर ते माझ्यामुळे, दुसऱ्या कुणामुळे नाही. उतरले आणि चालतच सुटले.

विद्युल्लता कंप्युटरपाशीच बसलेली. नोकरीला सहा महिने झालेली पोर.

"सात नंबरला इंजेक्शन दिलंस?"

"दिलं, दीदी. अर्धा तास झाला. जेवले असं लिहिलंय ना तुम्ही."

"त्यांना विचारलं नाहीस?"

"विचारलं. बोललेच नाहीत."

बोलतील कसे? एकादशीला दिवस मावळेपर्यंत त्यांचं मौन असतं, हे आख्ख्या रामघाटाला ठाऊक आहे. ही राहते लांब सिगऱ्याला, तिला कोण सांगणार?

गुरुजी घामाने निथळत होते, बोटं थरथरत होती. विद्युल्लताने साखरेचं पाणी पुढे केलं, त्यांनी मान फिरवली. शुगर बेचाळीस. शिरेतून ग्लुकोज सोडलं आणि मी त्यांचा हात धरून बसले. मनात कंप्युटरला शिव्या घातल्या, इन्चार्जना घातल्या. पण बटणावर बोट माझंच होतं ना.

पंधरा मिनिटांनी थरथर थांबली. तोवर इन्चार्जही आल्या होत्या. स्क्रीन बघून म्हणाल्या, "रेकॉर्डमध्ये तर पूर्ण जेवण आहे. गुरुजींनीच ते कुठेतरी टाकून दिलं असेल."

गुरुजींनी डोळे उघडले आणि मौन मोडलं.

"मी एकादशीला जेवलो, असं कुणी लिहिलं?"

विद्युल्लता माझ्याकडे बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी, गुरुजी. तुम्ही जेवला नव्हतात. मी न बघता खोटं भरलं."

"मग खोड ते."

इन्चार्जनी उत्तर दिलं, "ड्यूटी संपली की नोंद बंद होते. आता बदलत नाही."

गुरुजींनी माझ्या मनगटाकडे बोट केलं. "हे कधी लिहिलंस?"

"दीड वाजता. ताट परत गेलं तेव्हा."

"मग हे लाव."

मी पट्टी सोलून काढली आणि खाटेवर सातच्या आकड्याखाली लावली. त्यांनी ती वाचली, डोळे मिटले, पुन्हा मौन धरलं. पण पट्टी पाण्याने भिजलेली, धरेना. दिवस मावळेपर्यंत मी ती अंगठ्याने दाबून बसले.