पोलादी आरशाचा राग

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो, आणि मला राग आलेला आहे. आरशाला कसला राग, असं म्हणू नका. दिवसभर माणसांची तोंडं बघत भिंतीला लटकून बघा, मग कळेल.

मी काचेचा नाही. लढाईच्या दिवसांत पोलादाचा पत्रा घासून चकचकीत करायचे, वर खिळ्यासाठी भोक पाडायचे, की झाला पलटणीतला दाढीचा आरसा. पडला तरी फुटत नाही. मी वाट्याला आलो मेढ्याकडच्या मानसिंग नावाच्या जवानाच्या. काय बोलका गडी होता! तोंडाला फेस लावलेला असायचा आणि त्या फेसातूनही याच्या गप्पा चालूच.

इटलीतल्या एका डोंगरावर आमच्याजवळ तोफेचा गोळा फुटला. मी मानसिंगच्या छातीवरच्या खिशात होतो. तुकडा छातीवर आला असता तर मी हसत झेलला असता, पण तो गेला डोक्यात. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. त्याला सगळं कळायचं, ओठ हलायचे, शब्द काही सापडायचा नाही.

लढाई संपली, आम्ही गावी आलो. लोकांचं काय, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! त्याचे सख्खे चुलते नाथाजी त्याच्या तोंडावर म्हणाले, "पोरगं खुळावलंय. पुण्याला खुळ्यांच्या इस्पितळात घाला. घराची अब्रू तरी ऱ्हाईल." मानसिंगच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याला सगळं ऐकू येतं, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. माझ्या अंगाला हात असते, तर मी तेव्हाच दोन ठेवून दिल्या असत्या.

मानसिंगची धाकटी बहीण विजयमाला सातवी पास झालेली होती. सांगलीत विलायतेत शिकून आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी वाचा गेलेल्यांना बोलतं करायची विद्या शिकवायचा वर्ग काढला आहे, असं तिच्या कानावर आलं. ती चुलत्यांपुढे उभी राहिली. "नाना, मी ती इद्या शिकते. दिवाळीपतोर दादा बोलला न्हाई, तर तुमच्या मनासारखं करा."

ती, मानसिंग आणि त्यांची आई धोंडुबाई सांगलीत एका खोलीत राहू लागली. मीही आलो. जीभ टाळ्याला लावणं किती अवघड काम आहे, ते मी तिथे पाहिलं. विजयमाला आधी स्वतःचं तोंड माझ्यात बघून शिकायची. 'ल' म्हणताना जीभ कुठे जाते, 'र' म्हणताना कशी थरथरते. मला नाकाखाली धरून 'म' म्हटलं, की मी वाफेने धुरकट होतो आणि 'ब' म्हटलं तर होत नाही, हे तिला कळलं तेव्हा ती टाळ्या पिटत आईकडे धावली. वर्गातही मला मान मिळाला. बाई म्हणायच्या, "हा आरसा जपा हो." मला फार बरं वाटायचं.

पण भिंतीवर एक छापील तक्ता होता. 'मी आहे. पाणी आहे. दूध नाही.' रोज मानसिंगला माझ्यापुढे बसवायचं आणि 'आहे' म्हणवून घ्यायचं. तो "आ... आ..." करायचा, घामाघूम व्हायचा. आषाढ गेला, श्रावण गेला. एक दिवस त्याने डाव्या हाताने मला उचललं आणि भिंतीवर फेकलं. मला पोचा पडला. त्याचा मला राग आला नाही, त्या तक्त्याचा आला.

विजयमाला गुडघ्यात डोकं घालून रडत बसली. तेवढ्यात धोंडुबाई नळावरून पाण्याची कळशी घेऊन आल्या. दार आतून लावलेलं होतं.

"मानसिंगा, हायस का रं आत?"

"हाय."

बाहेर कळशी आपटली. विजयमालाने डोकं वर केलं. जन्मात ज्याने कधी 'आहे' म्हटलं नाही, त्याच्या तोंडात आम्ही 'आहे' शोधत बसलो होतो! तिने तक्ता उलटा केला आणि मागे कोळशाने लिहिलं: हाय, न्हाई, कवा, पानी. मग एकेक शब्द येऊ लागला, अडखळत, घाम गाळत.

विजयमालाच्या परीक्षेला मुंबईचे परीक्षक आले. त्यांनी मानसिंगपुढे तांब्या ठेवला. "यात काय आहे?"

मानसिंगच्या मानेच्या शिरा फुगल्या. "पा... पानी हाय."

"अशुद्ध," साहेब म्हणाले. "पाणी. आहे. रोग्यात काही सुधारणा नाही."

आजवर त्या वर्गात विजयमाला तोलून-मापून छापील बोलायची. त्या दिवशी तिचा तोल सुटला, आणि बरं झालं सुटला. "मुका मानूस बोलला, आन् तुमी त्याचा ण धरून बसलाय व्हय? त्याची वाचा गेली हुती साहेब, बोली न्हाई!"

साहेबांनी तिला नापास केलं. शिकवणाऱ्या मुलीचेच उच्चार सदोष, असा शेरा मारला. डॉक्टरीणबाई जवळच उभ्या होत्या, गप्प. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दिवाळीला आम्ही गावी परतलो आणि नाथाजी दारात आले. मानसिंग उठून उभा राहिला. "नाना... बसा." नाथाजी बसले, धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, आणि इस्पितळाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. विजयमालाला प्रमाणपत्र कधी मिळालं नाही. तरी जावळीच्या डोंगरातून लोक आपली तोतरी, मुकी माणसं तिच्या ओट्यावर आणत राहिले, आणि मी त्यांच्या तोंडापुढे.

आता घरात काचेचा मोठा आरसा आला आहे. मी गोठ्यात खिळ्याला गंजतो आहे. मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण कुणाच्या बोलण्याला हसू आलं, तर आधी त्याच्या आईला विचारा, घरात काय म्हणतात ते.

पुस्तकात यायचं तर छापील बोलावं लागतं म्हणे, म्हणून इतका वेळ बोललो. आता बास झालं. मी एक जुना आरसा हाय.