तौवूवर रागवायचं नसतं

वाइसाकेवर रागवायची एपारामाला सोय नव्हती. एपारामाचं गाव डोंगरात, वाइसाकेचं समुद्रकाठी. पण दोन्ही गावांचे मूळपुरुष सख्खे भाऊ, म्हणून इकडची-तिकडची सगळी माणसं एकमेकांची तौवू. तौवूने वाटेल ते बोलावं, दारची कोंबडी उचलून न्यावी आणि ज्याची गेली त्याने हसावं. रागावला तो हलका ठरे.

वाइसाके फिजीच्या रग्बी संघाचा प्रशिक्षक झाला, तेव्हा पहिल्याच दौऱ्यासाठी त्याने पुढच्या फळीतले रेटा देणारे गडी कमी केले आणि पळणारे वाढवले. वगळलेल्यांत एपारामा होता. यांगोना पिण्याच्या बैठकीत वाइसाके सगळ्यांसमोर म्हणाला, "तौवू, डुकरं भट्टीतच शोभतात. मैदानात घोडे हवेत." बैठक खदखदली. एपारामाही हसला.

त्याचा थोरला भाऊ कितिओने मात्र संघात होता. वाइसाकेने बदली गडीच नेला नव्हता, म्हणून दुखऱ्या मानेने तो सामन्यामागून सामना स्क्रममध्ये, दोन्ही फळ्या डोकी खुपसून चेंडूसाठी एकमेकींना रेटतात त्या झुंजीत, वाकत राहिला. शेवटच्या सामन्यात स्क्रम कोसळली आणि त्याची मान तिच्याखाली सापडली. जीव वाचला, उजवा हात लुळा पडला तो पडलाच. वाइसाके भेटीला आला तो दारातूनच म्हणाला, "काय रे तौवू, आता बायकोला मिठी मारायलाही बदली गडी लागणार?" कितिओने हसला. डाव्या हाताने घेतलेली यांगोनाची करवंटी सांडली, त्यावरही हसला. एपारामा हसला आणि परड्यात जाऊन तावियोकाचे कंद उपटत राहिला, हातांची सालटी निघेपर्यंत.

त्यानंतर संघ परदेशात हरतच राहिला. चेंडू हाती आला की पोरं वाऱ्यासारखी पळत. पण चेंडू हाती यायचाच नाही. प्रत्येक स्क्रमला आपली फळी मागे. वाइसाके कधी पंचांना दोष देई, कधी थंडीला.

एपारामाने गावातले आठ दांडगे गडी जमवले. चढावर लाकडाचा ट्रक रुतलेला दिसला की तो ड्रायव्हरला इंजिन बंद करायला लावी आणि आठ जणांना पाठी वाकवून, खांद्याला खांदा भिडवून रेटायला सांगे. ड्रायव्हर मुद्दाम याच गावाजवळ ट्रक रुतवतात, अशी थट्टा होऊ लागली.

राष्ट्रीय संघाला सरावासाठी सोपा प्रतिस्पर्धी हवा होता, म्हणून वाइसाकेने एपारामाचा डोंगरातला संघ बोलावला.

"चेंडू मागे द्यायचा नाही," एपारामाने आपल्या गड्यांना सांगितलं. "पायाशी ठेवायचा आणि रेटायचं. त्यांना दंड झाला तरी आपण पुन्हा स्क्रमच मागायची."

"लोक शिव्या घालतील, मामा."

"घालू देत."

पहिल्याच स्क्रमला राष्ट्रीय फळी घसरत मागे गेली. गवतात नांगरल्यासारखे चर उमटले. दुसरीला तेच. पळणारे घोडे कोऱ्या शर्टांनी कमरेवर हात ठेवून उभे. लोक आधी हसले, मग त्यांनी शिट्ट्या मारल्या. रोटी विकणारी बाई म्हणाली, "त्या रिकाम्यांना पाठवा इकडे, पीठ तरी मळतील." नंतर कोणी हसेना.

मध्यंतरात एपारामा वाइसाकेसमोर उभा राहिला. "ऊठ, तौवू. ही खुर्ची मला आवडली."

"घे की," वाइसाके हसून उठला. "डुकरं खुर्चीतही बसायला लागली म्हणायची."

एपारामाने खुर्ची रेषेपलीकडे नेऊन तिच्यात कितिओनेला बसवलं. उरलेला सामना वाइसाकेने उन्हात उभ्याने पाहिला. त्याच्या घोड्यांना चेंडू जवळपास मिळालाच नाही.

सामना संपल्यावर तो आला. "तुझे आठ मला दे."

"तौवू मागत नाही, उचलून नेतो. तू मागतोस कशाला?"

वाइसाकेने खुर्चीकडे पाहिलं. कितिओनेचा उजवा हात मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडला होता.

"मागतोय," तो म्हणाला.

"डुकरं आहेत रे ती. भट्टीत शोभतात."

भोवतालची माणसं हसली. वाइसाकेला मात्र हसू जमेना. "देशाला हवीत."

"मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"हवीत," वाइसाके मोठ्याने म्हणाला. "तेव्हाही हवी होती."

एपारामाने भावाकडे बोट केलं. "त्याला विचार."

कितिओनेने सावकाश डोकं वर केलं. मान तेवढीच वळत असे. "आठ नाही मिळणार," तो म्हणाला. "प्रत्येकामागे एक बदली गडी घेणार असशील, तर ने. आणि खुर्ची इथेच राहील."

लोक पुन्हा हसले. रिवाजच तसा, वाइसाकेलाही हसावं लागलं. एपारामा त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिला, ते हसू पुरतं संपेपर्यंत.