चमच्यावरची खूण

आमच्या घरात नवं भांडं आलं की मी आधी त्याच्या मागे खिळ्यानं तीन ठिपके आणि एक तिरपी रेघ ठोकते. बुद्धपौर्णिमेच्या खिरीसाठी भांडी विहारात जातात. खूण नसली तर ती जाऊबाईंकडेच मुक्काम करतात.

आमचे हे, धर्मपाल, रिटायर झाले आणि जुने चमचे जमवू लागले. मागच्या महिन्यात अकोल्याच्या बद्रुद्दीनभाईंच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्यांनी चांदीचा चमचा आणला. दांड्यावर राजाचं मुंडकं, खाली १९११. "राज्याभिषेकाची आठवण हाये ही!" म्हणाले आणि भिंग शोधायला गेले. भिंग सापडायला दोन दिवस लागले. तोवर चमचा माझ्या ओट्यावर होता.

मग एकदम आरडाओरडा. "माया, मागं तीन ठिपके अन् रेघ हाये! असा शिक्का कोन्याच पुस्तकात नाई!"

पंधरा दिवस भाजी आणायला घरात माणूस मिळाला नाही. मला मात्र कोणी काही विचारलंच नाही. पुण्याच्या एका जाणकारांना फोटो गेले. त्यांनाही शिक्का ओळखू येईना, म्हणून ते स्वतः अमरावतीला आले.

मी त्यांना खीर दिली. खीर संपवून त्यांनी सवयीनं स्टीलची वाटी उलटी केली आणि ओरडले, "अहो, तोच कारागीर!"

ह्यांचे डोळे भरून आले. "माया, ही वाटी कुठची व?"

"बडनेऱ्याच्या बाजारातली," मी म्हणाले. "अन् कारागिराले भांडे घासाचे हायेत. आना ती वाटी इकडे."