आजारी शेळीची धार शेवटी

शनिवार, १२ डिसेंबर १९३६, सकाळी सहा वाजता लोणावळ्याजवळ औंढे गावात कोंडाजींच्या गोठ्यात दुभत्या शेळ्या चोवीस होत्या. त्यांपैकी चौघींची कास सुजून दगडासारखी कठीण झाली होती.

या शेळ्यांचे दूध खंडाळ्याच्या एका आरोग्यभवनात दुखण्यातून उठलेल्या माणसांसाठी जाई. आठवडाभर ते तापवताच फाटत होते. व्यवस्थापकांनी पंधरा दिवसांची मुदत दिली होती. तोवर दूध निर्दोष झाले नाही तर रतीब बंद. तसे झाल्यास सगळा कळप महिपती व्यापाऱ्याला विकायचा, असे कोंडाजींनी ठरवून टाकले होते. हा कळप त्यांच्या विधवा सुनेने, मुक्ताबाईने, दोन करडांपासून वाढवला होता. तीच लोणावळ्याला माझ्याकडे आली. माझे कृषी महाविद्यालयातले शिक्षण आणि दूधतपासणीतली नोकरी मागे पडली असली, तरी सूक्ष्मदर्शक यंत्र मी जपून ठेवले होते.

प्रथम मी कोंडाजींना धार काढताना पाहिले. हात अतिशय हलका. कण्हणाऱ्या जनावराला आधी मोकळे करावे ही त्यांची माया, म्हणून सुरुवात त्या चार आजारी शेळ्यांपासून. सड निसरडे व्हावेत यासाठी ते बोटे चरवीतल्या दुधात बुडवीत आणि त्याच बोटांनी पुढची शेळी धरीत.

एका निरोगी शेळीचे मी दोन नमुने घेतले. पहिला कोंडाजींनी नेहमीच्या रीतीने काढला. दुसरा, कास आणि हात गरम पाण्याने व साबणाने धुऊन, कोरडे करून, मुक्ताबाईने काढला. काचपट्ट्यांवर रंग देऊन ते तपासले. मुक्ताबाईच्या नमुन्यात जवळजवळ काहीच नव्हते. कोंडाजींच्या नमुन्यात जंतूंच्या बारीक माळा होत्या, आजारी शेळ्यांच्या दुधात मी आधी पाहिल्या होत्या तशाच. शेळी निरोगी होती; जंतू हातावरून येत होते.

हे सांगताच कोंडाजी उसळले. "माज्या बोटांत रोग? चाळीस वरसं ह्याच बोटांवर घर चाललंय." शिवाय कासेला पाणी लागले की ती गारठते, तेव्हा सुनेने धुतलेल्या शेळ्याच आधी सुजतील, असे त्यांनी मला बजावले.

मुक्ताबाई पदर सावरून हळूच म्हणाली, "मामंजी, तुमच्या हाताला शेळ्या भुलत्यात. जंतूबी भुलले असतील."

म्हातारा हसणार होता. त्याने मिशीवरून हात फिरवून ते निभावले.

मी तोड सुचवली. निरोगी वीस शेळ्यांचे दोन भाग करावेत. दहा शेळ्यांची धार कोंडाजींनी आजारी शेळ्यांनंतर, आपल्या रीतीने काढावी; दहा शेळ्या मुक्ताबाईने वेगळ्या बांधून, वेगळ्या चरवीत, धुतलेल्या हाताने दोहाव्यात. जिंकण्याची खात्री असल्यामुळे कोंडाजी लगेच कबूल झाले.

आठव्या दिवशी त्यांच्या दहांपैकी एकीची कास तापली. मुदत संपली त्या सकाळपर्यंत अशा तीन झाल्या होत्या. मुक्ताबाईच्या शेळ्या त्यांनी स्वतः एकेक करून चाचपल्या. दहाव्या शेळीपाशी ते बराच वेळ थांबले. कास मऊ होती. मग ते उकिडवे बसले आणि दोन्ही हात त्यांनी सुनेपुढे धरले.

"वत पानी. लय कडत नगं."

दुपारी महिपती दोर घेऊन आला. कोंडाजींनी त्याला अंगणातच गाठले.

"दोर म्हागारी न्ह्या. हितं इकायला काय न्हाई."

"आन् सुजल्याल्या सात शेळ्या? त्या काय देव्हाऱ्यात बसवणार?" महिपतीने विचारले.

"त्येंची धार शेवटी काडायची," कोंडाजी म्हणाले, जणू ही युक्ती चाळीस वर्षे त्यांचीच होती. मुक्ताबाई दारात उभी होती. तिने सासऱ्याचे बोलणे खोडले नाही; मात्र तोंडाला लावलेला पदर बराच वेळ हलत होता.

त्याच संध्याकाळी तिच्या दहा शेळ्यांच्या दुधाच्या काचपट्ट्या मी व्यवस्थापकांना दाखवल्या आणि रतीब चालू राहिला. पुढे आजारी शेळ्यांची कास शेकून दिवसातून चार वेळा रिकामी केली जाई व ते दूध खड्ड्यात पुरले जाई. सातांपैकी पाच बऱ्या झाल्या, दोघी आटल्या. नवी एकही आजारी पडली नाही.

१ फेब्रुवारी १९३७ रोजी खंडाळ्यास पोचलेले आणि तापवल्यावर न फाटलेले दूध: अकरा शेर.