मांडवीच्या धक्क्यावरचा धोंडू

आमच्याकडे एक ठरलेलंच आहे. माणूस हरवला की तो मुंबईत शोधायचा. धोंडूकाका चौपन्न साली मुंबईला गेला, सहा महिने पत्रं आली, मग बंद. तेव्हापासून संगमेश्वराकडच्या आमच्या वाडीतल्या एकूण एक चाकरमान्याने त्याला मुंबईत शोधलं. गाववाल्यांची खोली, गिरण्या, गोदी, इस्पितळं, काही सोडलं नाही. मी पुतण्या, म्हणून मीही तीनदा जाऊन आलो. हाती काय लागलं? भोपळा.

पण मथुराकाकीने कुंकू पुसलं नाही. बारा वर्षं झाल्यावर भावकी म्हणाली, पेंढ्याचा धोंडू करून जाळू या, म्हणजे तू सुटलीस. काकी कोयता घेऊनच बाहेर आली. "जित्या मानसाला जाळताव? हात तर लावा पेंढ्याला!" भावकी गुपचूप घरी गेली. बत्तीस वर्षं ती बाई वाटेकडे डोळे लावून बसली, आणि वाट एकच, मुंबईची.

शहाऐंशी सालची गोष्ट. मी रत्नागिरीत कारकून. तिथल्या बाबूच्या व्हिडिओ सेंटरवर एक जुना काळा-पांढरा खुनाचा सिनेमा आला. मुंबईत खून करून एक जण बोटीने रत्नागिरीला पळतो, गल्लीबोळांतून लपतो आणि शेवटी दीपगृहाखाली मरतो. गोष्ट अगदीच टाकाऊ. पण कंपनीने सत्तावन्न साली इथे येऊन खऱ्या रस्त्यांवर शूटिंग केलेलं, त्यामुळे अख्खं शहर स्वतःलाच बघायला लोटलं. थिबा राजवाड्याचा उतार दिसला की टाळ्या, भगवती बंदर दिसलं की शिट्ट्या. हिरॉइन ढसाढसा रडत होती, आणि माझ्या मागचे दोन म्हातारे ती नक्की कुणाच्या पडवीत रडतेय यावरून भांडत होते.

मग मांडवीचा धक्का आला. तेव्हा बोट लांब समुद्रात उभी राहायची आणि उतारू पडावात बसून धक्क्याला यायचे. खुनी तसाच उतरला. त्याच्या मागून डोक्यावर ट्रंक घेऊन धोंडूकाका उतरला. घरातल्या फोटोत बघून बघून पाठ झालेला तोच फाटका कान.

दुसऱ्या दिवशी मी मांडवीच्या जुन्या खलाशाकडे, केरूभाऊंकडे गेलो. शूटिंगचा पडाव त्यांनीच वल्हवलेला. फाटक्या कानाच्या उतारूबद्दल विचारलं तसे ते हसायला लागले. "पाशिंजर कसले? हितलीच मानसं पडावात बशिवलानी आनि परत उतरवलानी. तो धोंडू? कोळशाच्या वखारीत व्हता. ह्याच आळीत सावित्रीबरोबर ऱ्हायचा. दोन पोरी झाल्या. चार वर्सांमागं खोकून खोकून गेला बिचारा."

बिचारा म्हणे! अकरा वर्षं मी त्या आळीतून मासळी आणायला जात होतो. कदाचित एकाच टोपलीतले बांगडे निवडले असतील आम्ही. सगळ्या मुंबईत शोधलं, आणि हा बाबा इथे, गावापासून एसटीने दोन तासांवर. मला त्याचा इतका राग आला की थुंकलो. काकीला यातलं काहीएक सांगायचं नाही, असं ठरवूनच घरी आलो.

पण बातमीला पाय असतात. आमच्या वाडीतला दादू त्याच खेळाला बसला होता. तिसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने काकी माझ्या दारात. कोरं लुगडं, पिशवीत कुळथाचं पीठ. "भेटला तर लागंल," म्हणाली.

बाबूने चित्र थांबवून धरलं. काकी टीव्हीला नाक लागेल इतकी जवळ गेली. मी खोटं बोललो. "बोटीनं आला, काकी. घराकडेच निघाला असणार. वाटेत काहीतरी बरंवाईट झालं."

काकीने तीनदा मागे घ्यायला लावून बघितलं. मग म्हणाली, "मला तो धक्का दाव."

भर दुपारी आम्ही मांडवीला गेलो. काकी पाण्याकडे बघत उभी राहिली.

"महिपत, त्येच्या पायात काय व्हता रे?"

"लक्ष नाही गेलं."

"काय नव्हता. मुंबयचा मानूस बोटीतनं अनवानी उतरंल? दुसऱ्याचं बूट मागून घालील, पन घालील. तो हितलाच व्हता." ती माझ्याकडे वळली. "कुठं ऱ्हायचा?"

मी आळीकडे बोट केलं.

"बायको?"

"होती. दोन मुली."

"आनि तो? हाय अजून?"

"काका चार वर्षांपूर्वी गेला, काकी."

ती धक्क्यावरच खाली बसली. रडेल असं मला वाटलं. रडली असती तर बरं झालं असतं. बोटांवर मोजत तिने हिशेब केला.

"म्हंजे घर सोडल्यावर अठ्ठावीस वर्सां जगला." तिचा आवाज अगदी साधा होता. "दर वटपुनवेला पान्याचा थेंब घेतला नाय रे मी. त्येला आयुक्ष मिळू दे म्हनून. मिळाला की."

मग ती उठली आणि मला परतीच्या एसटीची वेळ विचारली.