चढावर गाडी तापते कोणामुळे

चढाच्या मध्यावर तापमानाचा काटा लाल पट्टीत घुसला आणि मी ट्रक कडेला घेतला. रेडिएटरच्या झाकणाखालून वाफ फुसफुसत होती. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत पुढे जात होत्या. चाकांना दगड लावले आणि दादाला फोन केला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. ट्रक आमच्या वडिलांचा, हुकूम दादाचा आणि स्टिअरिंग माझं, अशी आमच्या घरातली वाटणी.

"पुन्हा?" दादा म्हणाला. "गिअर वेळेवर टाकायचा नाही, पाणी बघायचं नाही आणि मग मला फोन करायचा! पुरे झालं. उद्यापासून गाडी माझा मेहुणा चालवेल."

इंजिन गार करून, पाणी भरून, गाडी हळूहळू आवारात आणली, तर तेच वाक्य त्याने हमालांसमोर आणि कारकुनासमोर आणखी मोठ्याने ऐकवलं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. तेही म्हणाले, "धाकट्याच्या हाताला गाडी सोसतच नाही." हमाल खाली बघून हसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मिसरूड फुटलं तेव्हापासून ट्रक चालवतोय, दुसरं काही येत नाही मला. सीट गेली तर जाऊ दे म्हणावं, पण इंजिन जाळणारा ड्रायव्हर हा शिक्का घेऊन गेलो तर मला कोणी हातगाडीही देणार नाही. आणि रेडिएटर नवा बसवला होता, पट्टा नवा होता, पाण्याचा पंप नवा होता. या गाडीत बदलायचं राहिलं होतं ते फक्त मला!

"उद्या म्हणालास ना? मग आज गाडी माझीच आहे," मी म्हणालो आणि बॉनेट उघडलं.

इंजिन सुरू करून, गाडी जागेवरच रेस करत, ते चांगलं तापू दिलं. काटा चढायला लागल्यावर रेडिएटरच्या खालच्या पाइपला हात लावला. इंजिन भट्टीसारखं आणि पाइप जेमतेम कोमट. म्हणजे गरम पाणी रेडिएटरमध्ये पुरतं येतच नव्हतं. मग नवा रेडिएटर काय, सोन्याचा बसवला असता तरी काय उपयोग? वरच्या पाइपच्या तोंडाशी थर्मोस्टॅटचं घर असतं. थर्मोस्टॅट म्हणजे एक लहानशी झडप. ते घर खोलून पाहिलं. रिकामं होतं.

ते रिकामं असणार हे मला माहीतच होतं. आमच्याकडे नवी गाडी फाटकातून आत आली की अण्णा आधी पाना मागतात आणि ती झडप काढून भंगारात फेकतात. "पाण्याच्या वाटेत दार कशाला? मोकळं वाहू दे." हा अण्णांचा शब्द, आणि अण्णांचा शब्द आमच्या घरात काळ्या दगडावरची रेघ. मीही कधी शंका घेतली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा घेतली आणि स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने माझं ऐकून कपाळावर हात मारला. "अरे, या इंजिनात ती झडप दोन कामं करते. तापलं की रेडिएटरची वाट उघडते आणि जवळची वाट बंद करते. ती काढलीत तर पाणी जवळच्या वाटेने इंजिनातल्या इंजिनातच फिरत राहणार. सपाटीवर निभावतं, चढावर उकळतं. तुझा दादा नवा रेडिएटर न्यायला आला होता ना, तेव्हाच सांगितलं होतं की त्याला!"

मी झडप घेतली. परत येताना रस्ता दिसत नव्हता इतका संतापलो होतो.

झडप बसवली, पाणी भरलं, मालाने भरलेला ट्रक तसाच बाहेर काढला आणि दादाला म्हणालो, "बस." माझा चेहरा बघून तो मुकाट्याने बसला. पूर्ण चढ एका दमात चढलो. काटा मध्यावर आला आणि तिथेच बसला. दादा त्याच्याकडे बघत होता, मी दादाकडे.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

काट्यावरून नजर न काढता तो म्हणाला, "अण्णांना कोण सांगणार, की तुम्ही जन्मभर चुकलात? या वयात?"

"म्हणून मला चोर ठरवलंस?"

"तू काय, लहान आहेस. तुला चालून गेलं असतं. हे बघ, आपण सांगू पंपात कचरा होता. गाडी तुझ्याकडेच ठेवतो. मिटलं ना?"

मिटलं म्हणे! मी दात आवळून गाडी माघारी वळवली; तोंड उघडलं असतं तर गाडी दरीत गेली असती.

आवारात आलो. अण्णा उठून पुढे आले, बॉनेटवर पंजा ठेवला. "तापली नाही. काय केलंत?"

दादा म्हणाला, "पंपात कचरा..."

"थर्मोस्टॅट बसवला," मी म्हणालो. "तुम्ही काढून फेकता तोच. तो नव्हता म्हणून तापत होती. आणि हे याला रेडिएटर आणला त्या दिवसापासून ठाऊक होतं."

हमाल गोणी खांद्यावर घेऊन तसेच थांबले. अण्णांचा पंजा बॉनेटवरच होता. त्यांनी दादाकडे पाहिलं, आणि दादाने मान खाली घातली. तेवढ्यावरून अण्णांना सगळं कळलं.

"म्हणजे याला शिव्या मी घातल्या," ते हळू म्हणाले, "आणि तू ऐकत उभा राहिलास."

मला वाटलं होतं, हे ऐकून डोकं शांत होईल. झालं नाही. अण्णांचा चेहरा इतका म्हातारा मी कधी पाहिला नव्हता, आणि तो तसा व्हायलाही दादाच कारण होता, असंच मला वाटत राहिलं.

माल आजच पोचवायचा होता. मी सीटवर चढलो, गाडी सुरू केली. काहीच घडलं नाही असं दाखवत दादा नेहमीसारखा पलीकडच्या दाराकडे आला आणि त्याने कडीला हात घातला. मी वाकून दार आतून लावून घेतलं आणि सगळ्यांसमोर गाडी फाटकाबाहेर काढली.